वसई : किल्ल्यातली पडकी चर्चं आणि गावांतली नांदती चर्चं

दर्याकाठ

वसईच्या किल्ल्यावर मराठीत भरपूर लिहिलं जातं. वेढा, सुरुंग, बुरूज, चिमाजी अप्पांचा निर्धार, सगळं सविस्तर असतं. मग शेवटाकडे 'आत काही पडकी चर्चंही आहेत' एवढं एक वाक्य येतं आणि लेख संपतो. मला त्या एका वाक्याबद्दल लिहायचंय.

२३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि मे १७३९ मध्ये मराठ्यांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोन शतकांत तटाच्या आत अख्खं शहर उभं राहिलं. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा ख्रिस्ती साधूंच्या संघांनी आपापले मठ बांधले, मठाला लागून चर्च बांधलं. आज किल्ल्यात ज्यांचे फोटो सर्वात जास्त काढले जातात, ती बहुतेक ही मठांची चर्चं.

धर्मग्रामाचं, म्हणजे गावच्या ख्रिस्ती वस्तीचं (पॅरिशचं) चर्च वेगळं. तिथे माणसाचा बाप्तिस्मा होतो, लग्न लागतं आणि शेवटची प्रार्थनाही तिथेच. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये प्रत्येक धर्मग्रामाने लग्नाची आणि बाप्तिस्म्याची नोंदवही ठेवायचा दंडक घातला, त्यामुळे चर्च हे गावाचं दप्तरही झालं. वसई शहरातलं असं मुख्य चर्च म्हणजे संत जोसेफचं. १५४६ च्या सुमारास पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याच्या हुकमाने ते उभं राहिलं. १६०१ मध्ये आर्चबिशप आलेशो द मेनेझेस यांच्या काळात त्याची नव्याने बांधणी झाली आणि तसा शिलालेखही तिथे लावला गेला. बंदराच्या बाजूला ते आहे. घंटामनोऱ्यात गोल फिरत वर जाणारा अरुंद दगडी जिना आहे. पायऱ्या झिजून मध्ये खोलगट झाल्यात, पावसाळ्यात जपून.

आता आत या आणि जमिनीकडे न बघता भिंतीच्या वरच्या कडेकडे बघा. ठरावीक अंतरावर चौकोनी खोबणी दिसतील. तुळयांची डोकी त्यांत बसायची. या चर्चांच्या मुख्य दालनाला दगडी घुमट नव्हता, लाकडी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) आणि वर कौलं होती. त्यामुळे दालन किती रुंद करायचं हे ठरायचं ते चांगला सरळ सागवान किती लांबीचा मिळतो यावर. लांबी मात्र हवी तेवढी वाढवता येते, म्हणून ही सगळी दालनं अरुंद आणि लांबलचक. ट्रेंटनंतर प्रवचनाला महत्त्व आलं, वेदी सगळ्यांना दिसली पाहिजे आणि फादरांचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला पाहिजे अशी अपेक्षा आली, त्यालाही हा खांब नसलेला एकच एक लांब दालनाचा आराखडा सोयीचा पडला.

वेदीच्या भागावर मात्र अनेक ठिकाणी दगडी कमानछत आहे. तो भाग रुंदीला कमी, म्हणून दगडात झेपतो, आणि सर्वात पवित्र, म्हणून तिथे खर्च केला जातो. लाकूड गेलं, कौलं गेली, पण जेझुइट आणि फ्रान्सिस्कन चर्चांच्या पडक्या अवशेषांत ही दगडी कमानकामं अजून उभी आहेत.

भिंती कशा बांधल्यात तेही उघडं पडलंय. कोपरे, दारं-खिडक्यांच्या चौकटी, खांब आणि कंगोरे तेवढे घडीव दगडाचे. मधली सगळी भर ओबडधोबड दगड आणि चुन्याची. वरून गिलावा होता म्हणून ते कधी दिसायचं नव्हतं.

आणि म्हणून माझं सांगणं असं की किल्ला बघून परत स्टेशनकडे जाऊ नका. पापडी, रमेदी, सांडोर, निर्मळ, नंदाखाल, आगाशी, माणिकपूर इथल्या चर्चांत जा. या धर्मग्रामांची मुळं सोळाव्या शतकात किंवा सतराव्याच्या सुरुवातीला जातात. इमारती पुन्हा पुन्हा दुरुस्त झाल्या, वाढल्या, काही पूर्ण बदलल्या. पण बांधणीचं तंत्र तेच. किल्ल्यात हाडं दिसतात आणि गावात तेच शरीर चालतंबोलतं दिसतं. एक बघून दुसरं अर्धंच कळतं.

-----

नवखा

सुंदर लिहिलंय. मी किल्ल्यात जाऊन आलोय पण वर कधी बघितलंच नाही. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

-----

गडवाट

लेख आवडला. एक प्रश्न. आम्हाला लहानपणापासून सांगितलं गेलं की मराठ्यांनी ही चर्चं पाडली. काही जण अगदी अभिमानाने सांगतात, काही जण रागाने. खरं काय आहे?

-----

बखरप्रेमी

गडवाट, दोन्ही बाजूंनी ही गोष्ट फार सोपी करून सांगितली जाते, म्हणून जरा लांब लिहितो.

१७३९ च्या तहात ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळायची मुभा दिलेली होती. पाच चर्चं चालू ठेवायचं कलम त्यात आहे : तीन वसई शहरात, एक आसपासच्या मुलखात आणि एक साष्टीत (मुंबईच्या उत्तरेचं बेट). म्हणजे सरसकट पाडापाडीचा हुकूम असता तर असं कलम घालायचं कारण नव्हतं. दुसरीकडे, पोर्तुगीज सैन्य गेलं, जमीनदार घराणी गेली, मठांतले साधूही गेले. शहर रिकामं झालं. ज्या मठात राहायला कोणी नाही त्याचं छप्पर कोण शाकारणार?

छप्पर गेलं की पुढचं काम पाऊसच करतो. तुळया कुजतात, कौलं सरकतात, भिंतीच्या माथ्यात पाणी शिरतं, तिथे वड-पिंपळ रुजतात. त्यात १७८० मध्ये इंग्रजांचा वेढा पडला. आणि रिकामी पडलेली घडीव दगडांची इमारत जगात कुठेही आसपासच्या बांधकामांची खाण होते.

याचा पुरावा हवा असेल तर अंधेरीला सीप्झच्या आवारातलं संत जॉन बाप्तिस्टचं चर्च बघा. १५७९ चं, जेझुइटांनी बांधलेलं. तिथे ना वेढा पडला ना तोफ डागली गेली. साथीच्या रोगामुळे वस्ती उठली, १८४० मध्ये चर्च सोडून दिलं, धर्मग्राम मरोळला गेलं. आज त्याची अवस्था किल्ल्यातल्या चर्चांसारखीच आहे. लोक गेले की पुरे होतं.

गावांतली चर्चं टिकली ती याच कारणाने. वाडवळ, सामवेदी, कोळी, आगरी ख्रिस्ती कुठेही गेले नाहीत. त्यांची शेती इथे, बागायत इथे, होड्या इथे. युरोपीय साधू गेल्यावर गोव्याकडच्या देशी धर्मगुरूंनी ही धर्मग्रामं सांभाळली.

घंटांचंही सांगायला हवं. विजयानंतर वसई-साष्टीतल्या चर्चांच्या घंटा मराठी सरदारांनी नेल्या आणि देवळांना वाहिल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा सगळ्यांना माहीत आहे, तिच्यावर १७२१ साल आहे. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावर जी मोठी घंटा टांगली आहे तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मारिया कोरलेली आहे. नारोशंकराच्या घंटेचा आवाज नाशकात पुढे अडीचशेहून जास्त वर्षं लोकांनी ऐकला. ज्यांनी ओतली त्यांच्या आणि ज्यांनी टांगली त्यांच्या, दोघांच्याही श्रद्धेची ती वस्तू आहे, आणि मला तिच्याकडे बघताना दोन्ही आठवतं.

-----

गडवाट

धन्यवाद. पाच चर्चांच्या कलमाबद्दल काहीच माहीत नव्हतं. अंधेरीचं उदाहरण पटलं.

-----

ओळंबा

मी जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीच्या कामात आहे. मूळ लेखातल्या गिलाव्याच्या मुद्द्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

हल्ली जिथे तिथे जुन्या इमारतीचा गिलावा खरवडून दगड उघडा करायची हौस आलीय. 'मूळ दगडी सौंदर्य' म्हणतात. ओबडधोबड दगडाची भिंत उघडी ठेवायची म्हणून बांधलेलीच नव्हती! गिलावा हा तिचा भाग होता. पाऊस आधी त्याच्यावर झेलला जायचा, झिजायचा तो गिलावा, आणि दर काही वर्षांनी त्यावर चुन्याचा हात फिरायचा.

सर्वात मोठं उदाहरण गोव्याचं आहे. जुन्या गोव्यातली बॉम जेझूची बॅसिलिका, १६०५ मध्ये अभिषेक झालेली, संत फ्रान्सिस झेवियरचं शव जिथे आहे ती. १९५० च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने तिचा बाहेरचा चुन्याचा गिलावा काढून टाकला. आतला जांभा उघडा पडला. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो. तेव्हापासून गोव्याचा पाऊस तो थेट अंगावर घेतोय आणि दगडाचा भुगा होतोय. आज पर्यटकांना ती लालसर भिंत म्हणजेच जुनं गोवा वाटतं आणि पुन्हा गिलावा करायचा म्हटलं की विरोध होतो. वसईकरांसाठी आणखी एक गोष्ट : त्याच बॅसिलिकेच्या दर्शनी भिंतीतलं कोरीव काळ्या दगडाचं काम आहे ना, तो दगड वसईहून समुद्रमार्गे गेलेला. वसईच्या दगडाला तेव्हा एवढा मान होता. त्या भिंतीत काळा वसईचा दगड ताठ उभा आहे आणि शेजारचा जांभा झिजतोय, हे शेजारी शेजारी बघायला मिळतं.

दुसरा प्रकार याहून वाईट. गिलावा खरवडायचा आणि वर सिमेंट थापायचं. चुन्याची भिंत जमिनीतून ओल घेते आणि पृष्ठभागातून सोडते. एवढ्या जाड भिंतीला खाली ओलीविरुद्ध थर कधीच नव्हता, तिची गरजही नव्हती, कारण घेतलेलं पाणी ती उन्हाळ्यात बाहेर टाकायची. वरून सिमेंटचं कवच चढवलं की ती वाट बंद. ओल भिंतीतच वर चढते. आधी गुडघ्याएवढी असायची ती छातीपर्यंत येते. बरोबर क्षार येतात, लोणा धरतो, रंगाचे पापुद्रे सुटतात. मग कोणीतरी म्हणतं 'भिंतच खराब झालीय' आणि इमारत पाडायचा विषय निघतो. भिंत खराब नव्हती. तिला गुदमरवलं गेलं.

एका जुन्या चर्चमध्ये (नाव घेत नाही, तिथल्या लोकांनी प्रेमानेच केलं होतं) आम्ही सिमेंटचा थर हातोडीने अलगद उतरवला तेव्हा मागचा चुना अजून ओला होता. बोट लावलं तर लोण्यासारखा निघत होता. कडक उन्हाळ्यातली गोष्ट आहे. थर काढून नुसती हवा लागू दिल्यावर पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती भिंत खडखडीत वाळली. काहीही औषध केलं नव्हतं.

-----

शेवंती

ओळंबा, चुना कसा बनवायचे तेही लिहा ना. आजी 'चुन्याची घाणी' म्हणायची ती काय असते?

-----

ओळंबा

शेवंती, चुनखडी किंवा किनाऱ्यावर शिंपले भट्टीत भाजायचे. भाजका चुना पाण्यात टाकला की उकळी फुटते, तो विरतो. तो बरेच दिवस पाण्याखाली मुरत ठेवायचा, जितका मुरेल तितका चिकट. मग वाळू किंवा विटांची सुर्खी (भुकटी) घालून घाणीत मळायचा. घाणी म्हणजे जमिनीत गोल दगडी चर आणि त्यात फिरणारं मोठं दगडी चाक, बैल जुंपून फिरवायचं. मळताना गूळ, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर असं काय काय घालायचे. प्रमाण गवंड्यागणिक वेगळं.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होत जातो. हे फार सावकाश होतं, जाड भिंतीच्या पोटात तर वर्षानुवर्षं. त्यामुळे इमारत जराशी खचली, हलली तरी चुना थोडा थोडा जुळवून घेतो. सिमेंट तडकतं. आज हे काम जाणणारे गवंडी कमी राहिलेत, पण आहेत. विचारलं की सापडतात.

-----

मोगरा_वसई

मी वसईच्याच एका धर्मग्रामातली. धागा मन लावून वाचला आणि मूळ लेखिकेचे मनापासून आभार, कारण आमच्या चर्चांवर मराठीत असं कोणी लिहीत नाही.

पण एक बाजू कोणी मांडत नाहीये ती मांडते. आमच्या चर्चमध्ये रविवारी आत जेवढी माणसं तेवढीच बाहेर मंडपात उभी असतात. सणाला विचारूच नका. चर्च बांधलं गेलं तेव्हा गाव केवढं होतं आणि आज केवढं आहे! लांबट अरुंद दालन बघायला सुरेख असतं, पण मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या माणसाला वेदी दिसत नाही. वाशांना वाळवी लागलेली, पावसात ठिकठिकाणी बादल्या. अशा वेळी लोक वर्गणी काढून, मजुरी देऊन, दागिने मोडून मोठं चर्च बांधतात. बाहेरचे लोक येऊन 'वारसा घालवलात' म्हणतात तेव्हा लागतं मनाला. वारसा म्हणून का होईना, ही वास्तू चारशे वर्षं आम्हीच उभी ठेवलीय ना?

आणि चर्च काही एका दिवशी बांधून पूर्ण झालेलं नसतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते ६५) मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, लॅटिनऐवजी मराठीत आली. फादर पूर्वी वेदीकडे तोंड करून असायचे, ते लोकांकडे वळले. त्यासाठी वेदी मागच्या कोरीव आल्तारापासून (वेदीमागच्या नक्षीदार मखरापासून) पुढे आणावी लागली. भिंतीतलं उंच प्रवचनपीठ मायक्रोफोन आल्यावर ओस पडलं. हे बदल झाले म्हणून मला मिस्सा माझ्या भाषेत कळते. ते झाले नसते तर बरं, असं मी कधीच म्हणणार नाही.

-----

दर्याकाठ

मोगरा, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं झालं. किल्ल्यातली चर्चं पडली कारण त्यांना तुमच्यासारखी माणसं उरली नाहीत. त्यामुळे धर्मग्राम आधी आणि भिंत नंतर, हे मला मान्यच आहे. एखाद्या चर्चचं संग्रहालय करून लोकांना बाहेर बसवणं मला नकोय.

माझी कळकळ एवढीच की मोठं चर्च हवं म्हणजे जुनं पाडायलाच हवं, हे गृहीत धरलं जाऊ नये. जागा असेल तिथे जुनं लहान चर्च तसंच ठेवून शेजारी नवं बांधता येतं. रोजची सकाळची मिस्सा, लहान लग्नं, बाप्तिस्मे जुन्यात, रविवार आणि सण नव्यात. जुन्या दालनाला बाजूने कमानी उघडून पडव्या जोडता येतात. पूर्वीही चर्चं अशीच वाढली.

आणि पाडायचंच ठरलं तर नवं तरी विचारपूर्वक बांधावं. दादरचं पोर्तुगीज चर्च, म्हणजे अवर लेडी ऑफ साल्व्हेशन, १५९६ साली फ्रान्सिस्कनांनी स्थापलेलं. १९७० च्या दशकात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी ते नव्याने बांधलं. त्यांनी जुन्याची नक्कल केली नाही. काही जागा छपराखाली, काही उघड्या आकाशाखाली, एकीतून दुसरीत जाणाऱ्या, आणि वर काँक्रीटची उंच टोपणं, ज्यांतून गरम हवा वर निघून जाते. मुंबईच्या हवेचा विचार त्यात आहे. जुनं गेलं याचं वाईट वाटतंच, पण जे आलं तेही कोणाच्या तरी डोक्यातून नीट उतरलेलं आहे.

-----

ओळंबा

दादरच्या बाबतीत मी सहमत नाही. कोरियांची इमारत थोर आहे, वाद नाही. पण 'नवं चांगलं बांधू' या भरवशावर जुनं पाडायला परवानगी दिली की शंभरातल्या एकाच ठिकाणी कोरिया मिळतात. बाकीच्या ठिकाणी सिरॅमिक टाइल्स आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्या येतात.

मोगरा, तुमच्या वाळवीच्या आणि गळतीच्या मुद्द्यावर : बहुतेक वेळा संपूर्ण छप्पर सडलेलं नसतं. तुळईचं जे डोकं भिंतीत बसतं तिथेच ओल साचते आणि तेवढंच टोक कुजतं. ते टोक कापून नवीन सागवान सांधता येतो. भिंतीचा माथा आणि पन्हळी दुरुस्त केल्या की निम्मी गळती थांबते. पाडायचा ठराव करण्याआधी एकदा कैच्या जवळून तपासून घ्या, शिडी लावून, प्रत्येक टोक टोचून. खालून बघून कोणी निकाल देत असेल तर मानू नका.

-----

मोगरा_वसई

टोकाचं हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्या समितीत हा मुद्दा मांडते. जागेचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही, त्यावर माझं मत कायम आहे. शेजारी बांधायला आमच्याकडे जमीनच नाही, एका बाजूला शाळा आणि दुसऱ्या बाजूला दफनभूमी.

-----

नवखा

थोडा अवांतर प्रश्न. मी हिंदू आहे. गावातल्या चर्चमध्ये असंच बघायला गेलेलं चालतं का? काय पाळायचं असतं? संकोच वाटतो म्हणून विचारतोय.

-----

मोगरा_वसई

अवश्य या! मिस्सा चालू नसेल तेव्हा आत निवांत बसता येतं. मिस्सा चालू असेल तर मागे उभं राहा, फिरून फोटो काढू नका. वेदीच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. वेदीजवळ एक लहान दिवा सतत तेवत असतो, त्याचा अर्थ तिथल्या पेटीत पवित्र साक्रामेंत (मिस्सेत पवित्र केलेली भाकर) ठेवलेलं आहे, त्यामुळे आवाज हळू. लग्न किंवा अंत्यविधी असेल तर थोडं थांबा. बाकी कोणी भेटलं तर विचारा, आमच्याकडचे लोक सांगायला उत्सुकच असतात.

आत गेल्यावर दाराजवळ बाप्तिस्म्याचं दगडी कुंड कुठे आहे ते शोधा. ते प्रवेशाकडे ठेवायची जुनी रीत आहे, कारण माणूस ख्रिस्ती होऊन आत येतो. आल्तार बदलतात, फरशा बदलतात, कुंड बऱ्याचदा जुनंच राहतं.

-----

शेवंती

मला आवारातल्या दगडी क्रुसांबद्दल सांगायचंय. वसईपासून वांद्र्यापर्यंत जुन्या क्रुसांवर कोरीव काम असतं ते जवळून बघा. लांबून नुसती नक्षी वाटते. जवळ गेलं की कळतं, एकेक वस्तू आहे : शिडी, भाला, काठीवरचा स्पंज, हातोडा, खिळे, पकड, कोंबडा. सगळी येशूच्या अखेरच्या दिवसाची गोष्ट. कोंबडा आरवण्याआधी पेत्राने त्याला तीनदा नाकारलं, म्हणून कोंबडा. वाचता न येणाऱ्या माणसाला ही आख्खी कथा बोट ठेवून सांगता येते.

एका क्रुसावर (मुंबईतल्या एका गावठाणात) कारागिराने खिळे एवढे मोठे कोरलेत की भाल्यापेक्षा जाड दिसतात. शिडीच्या पायऱ्या अगदी वाडीत नारळ काढायच्या शिडीसारख्या. त्यावर दरवर्षी ऑइलपेंट चढवतात, त्यामुळे कोंबड्याची चोच आता बुजलीय. तो रंग काढता येतो का हो, ओळंबा?

मुंबईकडच्या काही क्रुसांचं निमित्त वेगळं आहे. १८९६ मध्ये प्लेगची साथ आली तेव्हा रक्षणासाठी गावागावांतून क्रूस उभारले गेले. वांद्र्यात असे बरेच आहेत.

-----

ओळंबा

निघतो, पण खरवडून नाही आणि ॲसिडने तर मुळीच नाही. लेप लावून रंग मऊ करायचा आणि लाकडी चकतीने, मऊ ब्रशने उतरवायचा. आधी कोपऱ्यात बोटभर जागेवर करून बघायचं. दगड मऊ असेल तर थांबायचं. आणि पुढच्या वर्षी ऑइलपेंटऐवजी चुन्याचा हात द्या, तो दगडाला चिकटून कवच करत नाही.

-----

बखरप्रेमी

या धाग्यात गोन्सालो गार्सिया यांचा उल्लेख नसणं बरोबर नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यावर वसईत जन्म, जेझुइटांच्या शाळेत शिक्षण. त्यांच्याबरोबर जपानला गेले, जपानी भाषा उत्तम शिकले, मग काही काळ व्यापार केला आणि मनिलात फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत सव्वीस जणांना क्रुसावर मारलं, त्यांत ते होते. १८६२ मध्ये त्यांना संत घोषित केलं. भारतात जन्मलेले पहिले संत.

किल्ल्यातलं जेझुइटांचं चर्च आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं. दाराच्या दोन्ही बाजूंना उभ्या पन्हळी पाडलेले खांब आहेत आणि वर जेझुइटांची नाममुद्रा (येशूच्या नावाची अक्षरं). फेब्रुवारीत त्यांच्या सणाला तिथे लोक जमतात, मिस्सा होते. म्हणजे किल्ल्यातली सगळीच चर्चं निव्वळ अवशेष झाली असं म्हणता येत नाही. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तेव्हा बिशपांचं आसन मात्र किल्ल्यात नाही, पापडीच्या चर्चमध्ये आलं. लोक जिथे होते तिथे.

-----

गडवाट

पुढच्या महिन्यात आमचा गट नेतोय. आता फक्त बुरूज दाखवून परत आणणार नाही. क्रम कसा ठेवू?

-----

दर्याकाठ

सकाळी लवकर किल्ला, ऊन चढायच्या आत. आधी संत जोसेफ, म्हणजे धर्मग्रामाचं चर्च कसं असतं ते कळेल. मग जेझुइट, मग फ्रान्सिस्कन. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत थडग्यांच्या मोठमोठ्या शिळा आहेत, पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या. मुलांना त्यांच्यावर उड्या मारू देऊ नका, अक्षरं आधीच पुसट झालीत. अक्षरं वाचायची असतील तर ऊन तिरपं असतानाच, डोक्यावर आलं की काही दिसत नाही. खडू किंवा पाणी वापरू नका, मोबाइलचा दिवा बाजूने जमिनीलगत धरा, तेवढा पुरतो. तुळयांच्या खोबणी, वेदीवरची कमानछतं, उघडी पडलेली दगडाची भर या तीन गोष्टी गटाला इथेच नीट दाखवा.

जेवून दुपारनंतर रमेदी आणि पापडी, दोन्ही जवळ आहेत. वेळ उरला तर निर्मळ. संध्याकाळच्या मिस्सेच्या आधी तासभर पोहोचलात तर आत शांतता असते. धर्मग्रामाच्या कार्यालयात आधी फोन करून ठेवा, गट मोठा असेल तर नक्कीच.

-----

मोगरा_वसई

आणि आमच्याकडे येणार असाल तर इथे कळवा, मी असेन. कुंड दाखवते आणि माळ्यावरून छपराच्या कैच्याही दाखवते. ओळंबा, तुम्हीही त्याच दिवशी या, शिडी आहे आमच्याकडे. समितीच्या दोघांना थांबवून ठेवते, तुम्ही टोकं तपासताना त्यांनी समोर असलेलं बरं.

-----

ओळंबा

येतो. टोचणी आणि ओल मोजायचं यंत्र घेऊन येतो. पाऊस पडून गेल्यावर लगेच नको, चार-पाच कोरडे दिवस गेल्यावरची तारीख ठेवा, म्हणजे कुठली ओल छपरातली आणि कुठली जमिनीतली हे वेगळं कळेल.